तिसरा गाल

मेव्हण्याने पहिली थोबाडीत ठेवून दिली तेव्हा हातोडा हसला. खाटीकखान्याच्या फाटकात, पाळी सुटताना, सगळ्या कामगारांच्या देखत.

हातोडा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. एका घावात बैल लोळवायचा म्हणून ते पडलं, आणि गुत्त्यात माणसं लोळवून त्याने ते टिकवलं. घरी बायकोचा जबडा मोडला, तेव्हा ती पोराला काखोटीला मारून भावाकडे गेली. भावाने दोघांना वर्षानुवर्षं पोसलं. मग हातोड्याने बाप्तिस्मा घेतला, बायबलवर हात ठेवून देवाला शब्द दिला की यापुढे माणसावर हात उगारणार नाही. त्या शब्दावर ती परत नांदायला आली. जेवणाच्या टेबलाशी पोराला पाहून हा दांडगा गडी पहिल्या दिवशी ढसाढसा रडला होता.

मेव्हण्याला मात्र हे सोंग वाटायचं.

"माझ्या बहिणीचं तोंड वाकडं केलंस आणि आता संत झालास होय रे?" त्याने पुन्हा हात उगारला.

येशूने सांगितलंय तसा हातोड्याने दुसरा गाल पुढे केला. त्यावरही बसली, अंगठीने ओठ फाटला. रक्त हनुवटीवर उतरलं. मागे कुणीतरी फिदीफिदी हसलं.

इथे गड्याने अक्कल पाजळली. चर्चमधले उपदेशक दुसऱ्या गालापर्यंत बोलले होते, पुढचं त्यांनी काही सांगितलं नव्हतं. म्हणजे आज्ञा पाळून झाली! अक्षर पाळून आज्ञा मोडायची ही कला नव्या भक्तांना फार लवकर जमते.

"दोन्ही झाले," तो शांतपणे म्हणाला. "तिसरा गाल देवाने दिलेला नाही."

त्याचा ठोसा नाकावर बसला आणि हाड कडकन मोडलं. मेव्हणा फाटकावर आपटून खाली आला, तसा हातोडा त्याच्या छातीवर गुडघा रोवून बसला. एक डोळा मिटला, दात फरशीवर सांडले. तिघाचौघांनी दंडाला धरून ओढलं, त्यांनाही त्याने झटकून दिलं. खरं सांगायचं तर त्याला बरं वाटत होतं. इतके दिवस बांधून ठेवलेला हात मोकळा सुटला होता.

"दाजी," मेव्हणा रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला, "पुरे... दाजी..."

हातोड्याने ते स्वच्छ ऐकलं. ऐकूनही त्याने आणखी एक हाणला. डोकं फरशीवर आदळलं आणि मेव्हण्याचा हात त्याच्या गुडघ्यावरून घसरून पडला. मग कुणीच ओढेना. सगळे मागे सरकले.

पोलीस यायच्या आत तो घराकडे पळत सुटला. बातमी त्याच्या आधी पोचली होती. बायको उंबऱ्यात उभी होती, फोन अजून तिच्या हातातच होता. पोरगा तिच्या पाठीमागून बापाच्या मुठींकडे बघत होता.

हातोडा तिच्या पायांशी कोसळला. "चुकलो गं. शब्द मोडला. वाटभर देवाला विनवत आलो. तो माफ करील ना?"

तिने पोराचं तोंड आपल्या पदरात दडवलं.

"देव करील," ती म्हणाली. "तो देव आहे. मी बहीण आहे."

आणि तिने आतून कडी घातली.