राखाडी ओळी

मला रंग आवडत नाहीत. म्हणजे कपड्यांत आवडतात, तक्त्यांत नाही. लोकांना कॉम्प्युटरवर तक्ता दिला की ते रंग भरत सुटतात, आणि कशाला कुठला रंग दिला हे शेवटी त्यांनाच आठवत नाही. असले तक्ते स्वच्छ करून माहिती क्लाउडवरच्या डेटाबेसात लावायची आणि त्याला मेसेजची सेवा जोडून द्यायची, हा माझा धंदा. तारीख आली की मेसेज आपोआप जातो, समोरच्याचं उत्तर त्याच्या ओळीत येऊन बसतं आणि त्यावर आपलं उत्तरही आपोआप जातं. माणसाने फक्त चहा प्यायचा. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना ऐकवत असे. आता ते आठवलं तरी कानशिलं तापतात.

गेल्या आठवड्यात प्रसूतिगृहाच्या डॉक्टरीणबाईंचं काम घेतलं. बाळांच्या लसींची आठवण करून द्यायची होती. काम मिळालं वहिनीमुळे. ती तपासणीला गेली होती, तेव्हा तिनेच सांगितलं, "आमच्या वकीलबाईंना बोलवा, त्या हेच करतात." वकीलबाई म्हणजे मी. शेवटचा शब्द माझाच असावा लागतो म्हणून तिने ठेवलेलं नाव.

याच प्रसूतिगृहात वहिनीला मुलगी झाली होती आणि दुसऱ्याच दिवशी गेली होती. मी बाहेरच्या बाकावर बसलेली होते. तेव्हापासून आमच्या घरात 'बाळ' हा शब्द कोणी उच्चारलेला नाही. दादाने पाळणा माळ्यावर टाकला, मी कपडे गोळा करून माझ्या कपाटात दडवले. वहिनीला आम्ही तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि त्याचा आम्हाला अभिमान होता.

चष्म्याच्या दुकानातली तिची नोकरी मालकांनी राखून ठेवली होती, पण ती जायला तयार नव्हती. गिऱ्हाइकं चष्मा लावून बघताना गप्पा मारतात, आणि गप्पांत हमखास येतं, मुलं किती? "काय सांगू गं मी?" असं तिने मला एकदा विचारलं होतं. मी विषय बदलला होता. अखेर परवा ती कबूल झाली. काल सकाळी तिने कपड्यांना इस्त्री केली. आज रुजू व्हायचं होतं. आम्ही सगळे तिच्या त्या इस्त्रीकडे डोळे लावून बसलो होतो.

आणि काल दुपारीच मी डॉक्टरीणबाईंना सगळं चालू करून दाखवायला गेले.

त्यांच्या जुन्या तक्त्यात मधेमधे राखाडी ओळी होत्या. मी म्हटलं, झालं, इथेही रंगकाम. सगळं एकदम निवडलं आणि रंग उडवले. डेटाबेसला रंग कळत नाहीत, त्याला अक्षरं लागतात. ओळींतली नावं वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. शिवाय ती कोणी कशीही भरलेली, म्हणून मेसेजमध्ये सगळ्यांनाच 'प्रिय आई' घालून टाकलं.

डॉक्टरीणबाई चहाचा कप घेऊन शेजारी बसल्या. मी बटण दाबलं. भराभर उत्तरं यायला लागली. "उद्या आणते." "सर्दी आहे, चालेल का?" मी ऐटीत म्हणाले, "बघा, हात लावायला नको."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पुढच्या ओळीत एक नंबर होता, माझा पाठ असलेला. आमच्या मेसेजखाली वहिनीचं उत्तर येऊन बसलं होतं.

"प्रिय आई, तुमचं बाळ नऊ महिन्यांचं झालं. अभिनंदन. गोवराची लस घ्यायची आहे. कधी येता?"

"कोण बोलतंय?"

"क्षमा करा, समजलं नाही. बाळाला कधी आणता?"

"आमचं बाळ नाही."

यंत्राने त्यातलं 'नाही' तेवढं उचललं. "काही हरकत नाही. पुढच्या आठवड्यात आणा. बाळाला गोड पापा."

तो पापा माझा. लिहिताना मला फार गोड वाटला होता. मी बंद करायचं बटण शोधायला लागले आणि स्वतः बांधलेल्या गोष्टीत मला ते सापडेना. सापडलं तोवर राखाडी ओळींतल्या सगळ्यांना मेसेज गेले होते.

"त्या ओळी राखाडी होत्या ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"रंग मी काढले."

त्यांनी कप खाली ठेवला. "बाळ गेलं की मला तो शब्द लिहवत नाही हो. माझ्याच हातांवर आलेली पोरं ती. म्हणून ओळ राखाडी करते. तुम्हाला सांगायला हवं होतं." त्या चिडल्या असत्या तर मी भांडले असते. त्या चिडल्या नाहीत.

त्यांनी राखाडी ओळींतले नंबर जुन्या तक्त्यातून काढून दिले. "मी करू का फोन?" म्हणाल्या. मी म्हटलं, "घाण माझी आहे, मीच निस्तरते."

घरी वहिनी मधल्या खोलीत फोन घेऊन बसली होती. दादा कामावर होता. मी उभ्या उभ्याच सुरू केलं, रंग कसे वाचले जात नाहीत, अक्षरं कशी...

"वकीलबाई, खटला नको चालवूस."

मी खाली बसले. "चुकलं माझं."

"चुकलंच. पापा कोणी लिहिला?"

"मी. मेल्याहून मेल्यासारखं झालंय गं."

"होऊ दे." तिने तो मेसेज पुन्हा उघडला. "या घरात मला कोणी आई म्हटलंय का? एकदा तरी? नऊ महिने पोटात वाढवली मी तिला. पाळणा कुठे, कपडे कुठे, विचारायची सोय नाही. जपता म्हणे मला. या मेसेजने पहिल्यांदा म्हटलं, तेही चुकून. आणि वाचून मला क्षणभर बरं वाटलं, याचा मला जास्त राग आलाय."

मला शेवटचा शब्द सुचला नाही.

"कपडे कुठे आहेत?"

"माझ्या कपाटात."

"आण."

मी पिशवी आणून दिली. तिने एक झबलं काढून मांडीवर पसरलं आणि माझ्या हातातल्या नंबरांकडे बोट दाखवलं. "यांचं काय करणार? माफीचा मेसेज पाठवशील तर याद राख."

मी पहिला नंबर लावला. "प्रसूतिगृहाकडून बोलतेय," एवढं म्हणाले. पलीकडची बाई "हं" म्हणाली. मशीन, चूक, क्षमस्व, सगळे शब्द माझेच वाटायला लागले, पाप्यासारखे.

वहिनीने माझ्या हातातून फोन घेतला.

"ताई, तो मेसेज मलाही आला," ती म्हणाली. मग तिने झबल्यावरची सुरकुती हाताने सरळ केली. "मला एक मुलगी होती. तुम्हाला?"

पलीकडून बोलणं सुरू झालं. तिचं ते वाक्य मी नऊ महिन्यांत पहिल्यांदा ऐकलं होतं, आणि आम्ही कोणी तिला ते म्हणू दिलं नव्हतं.

बाकीचे फोन मी केले. ती शेजारी बसून होती.

आज सकाळी ती इस्त्रीचे कपडे घालून दुकानात गेली.