देवी इकडे, हॉर्न तिकडे

या, असे कडेकडेने बसू नका. जरा पुढे सरका, आज माझा आवाज बसलाय. नोंगखायच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका बापाची आणि लेकीची चुकामूक झाली, तिची गोष्ट सांगतो. फार लांबण लावणार नाही. मध्येच उठून मात्र जाऊ नका.

तर हा थोंगिनकाका. पिकअप गाडी, मागे समोरासमोर दोन बाकं, वर पत्रा. बसस्थानकावर माणसं भरायची आणि मेकाँगच्या पुलापाशी नाक्यावर सोडायची, यात त्याचा उभा जन्म गेला. नाक्यावर पासपोर्टवर ठप्पा घेतला की पुलावरची बस माणसांना पलीकडे लाओसात नेऊन सोडते. थोंगिनने हजारो माणसं तिथवर पोचवली, स्वतः मात्र पलीकडे दोनचारदाच गेला असेल. त्याची एकुलती एक लेक, लम्दुआन, लग्न होऊन पलीकडेच गेली. शिलाईच्या कारखान्यात कामाला लागली. आईच्या अंत्यविधीला आली होती, त्यानंतर तिचं येणं झालं नाही. भांडण नव्हतं, अबोला नव्हता. सुट्टी मिळत नव्हती, एवढंच. आधी फोन लांबलचक व्हायचे, मग तेही आखूड होत गेले. “जेवलात का?” “जेवलो. तू?” “जेवले.” आणि मग दोन्हीकडे नुसता पंख्याचा आवाज.

त्या वर्षी पुलाचा रस्ता रुंद करायला काढला होता. काल नाक्यावर डावीकडून आत सोडत, तर आज उजवीकडून. लाल प्लास्टिकचे अडथळे झोपेत चालणाऱ्या माणसासारखे जागा बदलत. ट्रकांची रांग एका बाजूला, बसगाड्यांची दुसऱ्या बाजूला, आणि आमच्या पिकअपवाल्यांनी जायचं कुठून, हे रोज सकाळी नव्याने विचारायचं. मधला दुभाजक इतका लांबवला होता की चुकून पुढे गेलं तर गाडी वळवायला थेट भाताच्या गिरणीपर्यंत जावं लागे.

या रस्त्यावर एक देवी आहे. तिला सगळे आजी म्हणतात. छोटंसं खांबावरचं देऊळ. तिला झेंडूच्या माळा आणि लाल सरबताची बाटली वाहायची. बाटलीत नळीसुद्धा घालायची, कारण आजीला दात नाहीत. समोरून जाताना प्रत्येक गाडी तीनदा हॉर्न वाजवते. न वाजवता गेलेला ड्रायव्हर नाक्यापर्यंत आरशात मागे बघत जातो.

रस्ता रुंद करताना आजीचं देऊळ मध्ये आलं. रीतसर पुरोहित बोलावला, आजीची परवानगी मागितली, आणि तिला अर्धा कोस पुढे नव्या वळणरस्त्याच्या कडेला नेऊन बसवलं. नेताना खांबाचं एक टोक थोंगिनच्या खांद्यावर होतं. मागे राहिला नुसता ओटा आणि रंगीत कापडं गुंडाळलेलं जुनं झाड. झाडाला हात लावायची ठेकेदाराची छाती झाली नाही.

पण सवय ती सवय. निम्मे ड्रायव्हर अजून जुन्या झाडापाशीच हॉर्न वाजवत. थोंगिनला त्याचा राग येई.

“मालकीण घर सोडून गेली,” तो सांगवानला म्हणायचा. सांगवान म्हणजे त्याच्याच थांब्यावरचा तीनचाकीवाला. “आणि तुम्ही रिकाम्या दाराला हाका मारताय.”

“झाडात थोडी उरली असेल रे आजी,” सांगवान म्हणे. “एवढी वर्षं बसली तिथे.”

“देव काय भात आहे, टोपल्याला चिकटून उरायला?”

असा हा काका. देवाच्या बाबतीत चोख.

उन्हाळा चढला तसा गावच्या विहारात गायनाच्या प्रवचनाचा दिवस आला. ज्यांनी ते ऐकलं नाही त्यांना मी काय सांगू. भंते आसनावर बसतात, ताडपत्राची पोथी समोर धरतात आणि एकेक अध्याय गातात. नुसतं वाचत नाहीत, गातात. दानशूर राजाने आपली लेकरंसुद्धा देऊन टाकली, तिथे सूर असा काही मोडतात की म्हाताऱ्या बायका पदर तोंडात धरतात. एकेक अध्याय एकेका घराच्या नावावर असतो. अध्याय संपला की त्या घरच्यांनी पुढे यायचं आणि मेलेल्यांसाठी पाणी सोडायचं. एकाने भांड्यातून बारीक धार धरायची, बाकीच्यांनी त्याच्या कोपराला, खांद्याला बोट लावायचं. म्हणजे पुण्य सगळ्यांच्या हातातून जातं.

बायको, बुआलाय, गेल्यापासून दरवर्षी थोंगिनने तिच्या नावाचा अध्याय घेतला होता आणि दरवर्षी एकट्याने पाणी सोडलं होतं. भोवती दुसऱ्यांच्या घरची माणसं, नातवंडांसकट, एकमेकांना चिकटलेली. याच्या कोपराला वारा.

या खेपेला लम्दुआनला एका दिवसाची सुट्टी मिळाली. सकाळी यायचं, संध्याकाळी कारखान्याची गाडी पलीकडच्या नाक्यावरून उचलणार. फोनवर थोंगिन म्हणाला, “आजीपाशी थांब. मी न्यायला येतो.”

“बरं बाबा. लहानपणी थांबायचे तशी.”

आजी हलली हे तिला सांगायचं त्याला सुचलंच नाही. त्याच्या लेखी आजी जिथे, ती आजीची जागा. जुनी जागा त्याच्या मनातून केव्हाच पुसली गेली होती.

सकाळपासून तो नव्या देवळाशी गाडी लावून बसला. इस्त्रीचा सदरा, गळ्याशी बटण लावलेलं. शेजारी पिकुलमावशी झेंडूच्या माळा ओवत होती. ती देवळामागोमाग आपलं टेबल घेऊन इकडे आली होती.

“नवरदेवासारखा बसलायस,” ती म्हणाली.

“लेक येतेय.”

“मग घाम का पुसतोस सारखा?”

“ऊन आहे.”

“सावलीत बसलायस, काका.”

लेकीचं पलीकडचं सिम पूल ओलांडला की मुकं होई. फोन करायची सोय नव्हती. नाक्यावरून माणसांचे लोंढे येत, तीनचाक्या भरत, निघून जात. लम्दुआन त्यांत नव्हती. गाडीतल्या रेडिओवर विहाराचं प्रवचन चालू होतं. गावचं केंद्र ते दिवसभर लावतं. एक अध्याय झाला, दुसरा झाला. थोंगिनने एकदोनदा नाक्याच्या दाराशी जाऊन डोकावलं. पोलिसाने हाकललं.

दुपारी मावशीने दोरा दाताने तोडला आणि सहज म्हणाली, “तुझी लेक हॉर्न ऐकून तर नाही ना बसली तिकडे?”

“कुठे?”

“झाडापाशी. निम्मे मेले ड्रायव्हर अजून तिथेच वाजवतात. देवी इकडे, हॉर्न तिकडे. नवख्या माणसाला काय कळणार?”

थोंगिन तसाच उभा राहिला. लम्दुआन लहान असताना त्याच्या शेजारी बसून यायची. डोळे मिटून बसायची, आणि तीन हॉर्न झाले की म्हणायची, आजी आली. ती रस्ता बघून नाही, कानाने यायची.

झाड लांबून दिसत होतं. मधे दुभाजक, दुभाजकापलीकडे ट्रकांची भिंत. पायी ओलांडावं, तर अडथळ्यांना जाळी मारलेली. गाडी काढली तर आधी गिरणीपर्यंत जाऊन वळायचं. त्याने गाडी काढली. पुढे डांबराचं काम, एकच पट्टी चालू, ट्रक गोगलगायीसारखे. ऐन उन्हात गाडी अडकली, आणि रेडिओवर भंत्यांनी बुआलायचं नाव घेतलं.

अध्याय सुरू झाला. बुआलायला आवडायचा तोच, लेकरं वाट चुकतात तो. थोंगिनने रेडिओ बंद करायला हात नेला आणि मागे घेतला. सूर चढत गेला, उतरला. पुढचा ट्रक हलला नाही. अध्याय संपला.

“यजमान थोंगिन,” भंते म्हणाले. “पुढे या.”

रेडिओत नुसती खोकल्याची, भांड्यांची खुडबुड.

“थोंगिन आले नाहीत का? कोणी आहे का त्यांच्या घरचं?”

मग एक आवाज आला, माइकपासून दूर. “मी आहे.”

“तू कोण, बाळ?”

“त्यांची मुलगी. पुलापलीकडून आले. झाडापाशी वाट बघितली, बाबा आले नाहीत. एका तीनचाकीवाल्या काकांनी इथे आणून सोडलं.”

थोंगिनने दार उघडलं आणि खाली उतरला. मागच्याने हॉर्न दिला, शिवी दिली. त्याने पाण्याची बाटली घेतली, रस्त्याकडेच्या धुळकट रोपट्याच्या मुळाशी बसला आणि धार धरली. रेडिओतून भंत्यांचे मंत्र येत होते. तिकडे लेक पाणी सोडत होती, इकडे बाप. त्याने डावा हात आपल्याच उजव्या कोपराला लावला. बाटली रिकामी झाल्यावरही त्याने तिरकी धरून ठेवली होती.

मग तो विहाराकडे सुटला. पोचला तेव्हा पुढच्या घरचा अध्याय रंगात आला होता. लम्दुआन नव्हती. शेवया वाढणाऱ्या बाईने सांगितलं, “गेली की. आजीचं देऊळ हलवलंय हे तिला इथे कळलं. म्हणाली, म्हणजे बाबा तिथे असतील. खाल्लंसुद्धा नाही.”

पुन्हा तेच अडथळे, तीच गिरणी. तो नव्या देवळाशी आला तेव्हा ऊन उतरलं होतं आणि पिकुलमावशी टेबल आवरत होती. तिने त्याच्याकडे बघितलंच नाही आधी.

“आली होती,” मग ती म्हणाली. “याच स्टुलावर बसली होती. बराच वेळ. कारखान्याची गाडी चुकली तर काम जाईल म्हणत होती, तरी उठवत नव्हतं तिला.”

“कशी दिसत होती?”

“वाळलीय. केस कापलेत. नाक तुझंच.”

“काही म्हणाली?”

“विचारत होती, बाबा वेळेवर जेवतात का. म्हटलं, जेवतो. चार माणसं असतात जेवायला, म्हटलं.”

“कोण चार माणसं?”

“मला काय ठाऊक. तोंडात आलं ते बोलले.” मावशीने पाण्याची बादली रस्त्यावर ओतली. “खरं सांगायला हवं होतं का? मग पुलावरून रडत गेली असती.”

थोंगिन पुलाकडे निघाला. नाक्याकडे गाडी नेता येत नव्हती. सुट्टीहून परतणाऱ्यांची गर्दी म्हणून तो भाग गाड्यांना नुकताच बंद केला होता. तो चालत गेला, जाळीपर्यंत. पुलावर बस चढत होती. खिडक्यांवर मावळतीचं ऊन होतं, त्यामुळे आतलं कोणीच दिसत नव्हतं. बस पलीकडे जाईपर्यंत तो हात वर धरून उभा राहिला. कोणत्या खिडकीत ती होती, होती की नव्हती, देव जाणे.

घरी येऊन त्याने टोपलीतला सकाळचा भात खाल्ला. एकट्यानेच.

बुआलायला पाणी मिळालं, दोन्हीकडून मिळालं, हे मला खात्रीने वाटतं. जिच्यासाठी होतं तिच्यापर्यंत ते पोचलं. पण जिवंत माणसं एकमेकांपर्यंत पोचली नाहीत. म्हणून तुमच्याकडे एकच मागणं आहे. आज रात्री देवापुढे हात जोडाल तेव्हा आपल्या माणसांची नावं घेऊन झाल्यावर थोडं थांबा, आणि जाळीपाशी हात वर करून उभ्या राहिलेल्या थोंगिनची आठवण करा.