न झालेली निवडणूक

मंगळवारी सकाळी निवडणूक कचेरीतून फोन आला. "मिस्टर क्वॉरी, अभिनंदन! तुम्ही नगरपरिषदेचे सदस्य झालात."

"मी? मी तर ऑक्टोबरातच आपटलो, बाई. आणि मध्ये निवडणूक झाली तरी कधी?"

"झाली नाही. जुन्याच मतपत्रिका पुन्हा मोजल्या."

बाई शांतपणे समजावत होत्या आणि माझ्या डोक्याचा भुगा होत होता. निवडून आलेला लिंडसे पेच मार्चमध्ये हृदयविकाराने गेला. आमच्याकडे मतदार प्रत्येक उमेदवाराला पसंतीचा नंबर देतो, त्यामुळे अशा वेळी पुन्हा मतदान घेत नाहीत. त्याच मतपत्रिका काढायच्या, मेलेल्याचं नाव वगळायचं आणि त्याला एक नंबर देणाऱ्यांनी दोन नंबर कुणाला दिला ते बघायचं. तसं बघितल्यावर मी ट्रेंट मल्काहीच्या नऊ मतं पुढे निघालो. उद्या संध्याकाळपर्यंत संमतीपत्रावर सही केली नाही, तर जागा ट्रेंटला.

ट्रेंट आमच्या याराबिन गावचा पोहण्याचा तलाव बंद करायला टपलेला. मी त्या तलावात आयुष्यभर पोरांना पोहायला शिकवलं. शेतातल्या बंधाऱ्यात बुडालेलं पोर या हातांनी बाहेर काढलंय मी. त्यामुळे तलाव गेला तर मला झोप लागायची नाही.

लिंडसेलाही तलाव वाचवायचाच होता. भांडण एवढंच, की कुणी वाचवायचा. तो म्हणाला, "मतं फुटतील, तू माघार घे." मी म्हणालो, "तूच घे." मग भर सभेत त्याने मला आडमुठं खेचर म्हटलं आणि आमचं बोलणं बंद झालं. त्याला पोचवायला गेलो, तेव्हाही चर्चच्या शेवटच्या बाकावर बसलो.

दुपारी कचेरीतून संमतीपत्र घेऊन पबमध्ये शिरलो तर बॅरी ओरडला, "आला बघा! काय रे नेव्ह, प्रचार कबरस्तानात केलास का?"

"गप बस. मला स्वतःलाच काही कळत नाहीये."

"कळायचंय काय त्यात? लिंडसेची खुर्ची अजून गरम आहे, बस जाऊन!"

सगळे हसले. मला हसू येईना. मी जिंकलो होतो, की मेलेल्या माणसाचं काही ढापत होतो? बिअर तशीच ठेवली आणि लिंडसेच्या बायकोकडे, ग्वेंडाकडे, गाडी वळवली. नको म्हणायचा हक्क असलाच तर तिचाच होता.

ती दारातच म्हणाली, "आलास? मला वाटलं, कालच येशील."

"तुला माहीत होतं?"

"गावाला माहीत होतं. तुलाच तेवढं नव्हतं. बस."

चहा समोर आला. "ग्वेंडा, त्याची जागा मी कशी घेऊ? त्याची मतं त्याला होती, मला नव्हती. नऊ जणांच्या जिवावर..."

"आठ जणांच्या," ती म्हणाली. "नववं त्याचं."

"कुणाचं?"

"लिंडसेचं. मतपत्रिका टपालाने आल्या तेव्हा याच टेबलावर बसून भरल्या आम्ही. त्याने स्वतःला एक घातला आणि तुला दोन. वर म्हणतो कसा, खेचर आहे, पण तलाव सोडायचं नाही."

"आणि तू?" मी विचारलं.

"मी तुला तीन दिला. माझ्या बिस्किटांना नावं ठेवली होतीस."

"मग हे त्याने मला तोंडावर का नाही सांगितलं?"

"तू आधी फोन करशील म्हणून थांबला होता."

"तो करेल म्हणून मी थांबलो होतो!"

"ते दिसतंच आहे."

मला त्याचा भयंकर राग आला. उठून त्याच्याशी कडकडून भांडावं असं वाटलं. म्हणे मतं फुटतील! आपली मतं फुटत नव्हती रे गाढवा, एकमेकांकडे जात होती. तुला ठाऊक होतं तर माघार कसली मागत होतास? पण विचारू कुणाला? डोळे भरून आले.

"पेन आहे?" मी विचारलं.

तिने दिलं. मी खिशातलं संमतीपत्र काढून सही केली. मग तिने कागद ओढून घेतला, नाव नीट वाचलं आणि म्हणाली, "गुरुवारी सभा आहे. त्याचा सूट तुला घट्ट होईल, पण टाय घेऊन जा."