काउंटरवरची तहान

"आई गं! नुसतं जळतंय!"

थोरलीने नळ सोडला आणि तोंडावर पाण्याचे सपकारे मारले. मेकअप उतरत गेला तसा खालचा खरा चेहरा वर आला. दोन्ही गाल लालभडक, हनुवटीवर पुटकुळ्या, आणि कातडी इतकी नाजूक झालेली की टॉवेल टेकवला तरी झोंबत होता.

"तिखट कमी खा म्हटलं तर ऐकतेस कुठे?" आई दारातून म्हणाली.

घरोघरी हेच चालतं, नाही का? चेहऱ्यावर काही उगवलं की खापर तिखटावर, तेलावर, नाहीतर वयावर फोडायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी! खरा चोर थोरलीच्या दुकानात बसला होता, आणि तिथे त्याला कोणी चोर म्हणत नव्हतं.

सौंदर्य प्रसाधनांचं मोठं दुकान होतं ते. थोरली दाराजवळच्या पहिल्या काउंटरला उभी राहायची. रोज सकाळी शटर उघडायच्या आधी मॅडम सहाही मुलींना रांगेत उभं करायच्या आणि टेबलावरचा दिवा एकेकीच्या तोंडाजवळ नेऊन कातडी तपासायच्या. "चेहरा हीच आपली पाटी," असं त्यांचं म्हणणं. पुटकुळी दिसली की मुलीची रवानगी मागच्या पॅकिंगच्या खोलीत. थोरलीला पुढच्या महिन्यात नोकरीत कायम करणार होते. अट एकच, पाटी कोरी हवी.

तीन महिन्यांपूर्वी तिच्या हनुवटीवर पुटकुळ्या आल्या तेव्हा मॅडमनी ड्रॉवरमधून क्रीमची एक पांढरी डबी काढून दिली होती. डबीवर नाव नाही, गाव नाही. आठ दिवसांत चेहरा असा उजळला की थोरली हरखून गेली. पुढे एक दिवस लावलं नाही की आग व्हायला लागली. मग आग होते म्हणून लावायचं आणि लावलं म्हणून पुन्हा आग! वर तीच डबी काउंटरखालून खास गिऱ्हाइकांना विकायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

त्या संध्याकाळी मावशी आली होती. तीस वर्षं नर्स म्हणून काढलेली बाई. तिने भाचीची हनुवटी दोन बोटांनी वर केली आणि विचारलं, "दिवसभरात पाणी किती पितेस?"

थोरलीला वाटलं होतं, मावशी क्रीमचं विचारेल. "सकाळी निघताना एक पेला. मग घरी आल्यावर."

"आणि मधले दहा तास?"

"काउंटरवर बाटली ठेवायची नाही, बरं दिसत नाही म्हणतात. शिवाय संडासाची किल्ली मॅडमच्या कमरेला. दिवसातून दोनदाच मिळते. म्हणून आम्ही कुणीच पाणी पीत नाही."

"जेवण?"

"दहा मिनिटं सुट्टी असते गं. उभ्या उभ्या बिस्किटाचा पुडा आणि थंड गोड बाटली. डबा उघडेपर्यंत वेळ संपतो."

मावशीचा पारा चढला. "आणि दुकानात तुझ्या मागे भिंतीवर काय लावलंय?"

थोरली ओशाळली. "काकडीच्या चकत्या आणि पाण्याचे थेंब. 'निसर्गाचा स्पर्श' असं लिहिलंय."

"वा रे निसर्ग! भिंतीवर थेंब आणि पोरींच्या घशाला कोरड! रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात ते हेच. हे बघ, पाणी प्यायल्याने कुणी रातोरात उजळत नाही. मी खोटं सांगणार नाही. पण कातडी काही भिंत नाही गं, रंग मारला की झालं असं. ती पोटाने, झोपेने, पाण्याने आतून घडते. गोड बाटल्या आणि बिस्किटांनी पुटकुळ्या वाढू शकतात. पालेभाजी, कडधान्यं, एखादं फळ, वेळेवर झोप, एवढं सांभाळलं तर शरीर आपलं काम करतं, पण सावकाश, महिन्यांनी. आणि लघवी दाबून ठेवशील तर उद्या मूत्राशय धरून बसशील! दाखव ती डबी."

डबी नेहमीच्या जागी नव्हती. थोरलीने कपाट उपसलं, उशी उचलली. शेवटी स्वयंपाकघराच्या दारात धाकटी उभी राहिली, नववीत शिकणारी. हातात तीच डबी. दोन्ही गालांवर रुपयाएवढे लाल चट्टे.

"तुझा चेहरा कसा छान झाला होता," ती रडत म्हणाली. "शाळेत मला सगळे चिडवतात. म्हणून मी महिनाभर..."

थोरलीने तिच्या हातातून डबी काढून घेतली. आपला चेहरा गेला तो गेला, पण हिचा? आणि काउंटरखालून नेलेल्या त्या सगळ्या डब्या? त्या कुणाकुणाच्या धाकटीने लावल्या असतील?

"उद्या दोघींना त्वचेच्या डॉक्टरकडे नेते," मावशी म्हणाली. "असल्या डब्यांत जहाल औषध मिसळलेलं असतं. सोडायचं कसं तेही डॉक्टरच सांगतील. आपल्या मनाने काही करू नका."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे संध्याकाळची वेळ मिळाली. सकाळी थोरली मेकअप न करता दुकानात गेली. हातात पाण्याने भरलेली बाटली होती. ती तिने पहिल्या काउंटरवर, अगदी मधोमध ठेवली.

"हे काय?" मॅडम दिवा घेऊन पुढे आल्या. "हा चेहरा घेऊन तू इथे उभी राहणार?"

"हो मॅडम. पाटी आहे ना? वाचू दे लोकांना."

तेवढ्यात एक बाई मुलीला घेऊन आत आल्या. मुलगी धाकटीच्याच वयाची. बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "ती पांढरी डबी हवी होती." मॅडमनी डोळ्यांनीच खूण केली. थोरलीने त्या खुणेकडे पाहिलंच नाही.

"देणार नाही! माझ्या गालाकडे बघा, बाई. हे त्या डबीने केलंय. माझ्या लहान बहिणीचंही तेच केलंय. ती विकली मी, हे माझं पाप आहे, पण आता एकही विकणार नाही. मुलीला डॉक्टरांना दाखवा. आणि ते पोस्टरवरचं पाणी दिसतंय ना? आम्हाला इथे दहा तास प्यायला मिळत नाही!"

बाईंनी मुलीचा हात धरला आणि त्या निघून गेल्या.

"कायम व्हायचं विसर," मॅडम दात-ओठ खात म्हणाल्या. "पॅकिंगला जा."

थोरली बाटली उचलून गेली. दुसऱ्या सकाळी तिसऱ्या काउंटरवर एक बाटली दिसली. त्यानंतर दोन. चौथ्या दिवशी उरलेल्या पाचही जणींच्या बाटल्या, आणि दिवा तोंडाजवळ आला की एकेक मुलगी घटाघटा पाणी प्यायची. कुणाकुणाला पॅकिंगला पाठवणार?

आठवड्याने मॅडम पॅकिंगच्या खोलीत आल्या. दार लोटलं, स्टुलावर बसल्या आणि रुमालाने गालावरचा थर पुसला. खालची कातडी थोरलीसारखीच होती, उलट जास्तच लाल.

"सहा वर्षं लावतेय," त्या म्हणाल्या. "मलाही असंच कुणीतरी दिलं होतं गं. तुझे डॉक्टर कोण?"

थोरलीला राग आला होता, फार आला होता. तरी तिने पत्ता लिहून दिला आणि हात पुढे केला. "आधी किल्ली."

मॅडमनी कमरेची किल्ली सोडली. त्या दुपारपासून ती दाराशेजारच्या खिळ्याला लटकू लागली. डब्यांचा खोका मॅडमनी स्वतः बाहेर काढला आणि जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची झाली. थोरलीला कायम व्हायला मात्र आणखी सहा महिने लागले. धाकटीचे चट्टे निवळले. थोरलीच्या हनुवटीवर दोन व्रण राहिले ते राहिलेच.

मंडळी, चांगली कातडी डबीत मिळत नाही. ती ताटात, झोपेत आणि पाण्याच्या पेल्यात असते, आणि ज्याच्याकडून आपण हे तीन हिरावून घेतो त्याला क्रीम विकणं ही शुद्ध लबाडी आहे. पुढच्या वेळी अशा झगमगत्या दुकानात गेलात की क्रीमचा भाव मागाहून विचारा. आधी काउंटरमागच्या मुलीला विचारा, "बाळ, पाणी प्यायलीस का?"