सतरा नंबर गेली

रविवारी सकाळी केरबाने दीक्षाला विचारलं, “म्याडम, ती सतरा नंबर कवा व्यायची वं?”

दीक्षा विद्यापीठाच्या प्राणीगृहात नोंदवही लिहीत बसली होती. पीएच.डी.ची तोंडी परीक्षा तीन आठवड्यांवर होती. केरबा प्राणीगृहातला कर्मचारी. गडमुडशिंगीत त्याच्या चार म्हशी. पहाटे डेअरीला दूध घालून तो आठला यायचा आणि उंदरांचे पिंजरे धुवायचा.

“कुठली सतरा नंबर?”

“मागल्या खोलीतली. गाभण हाय न्हवं ती. मे म्हयन्यात तुम्ही तापानं गावाकडं गेलता, तवा फोनवर सांगितलं की. सतरा नंबर गेली मागल्या खोलीत म्हणून.”

दीक्षाने मे महिन्याचं पान काढलं. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं : ‘१७ – मृत.’ फोन तिला आठवला. मुरगूडच्या घरात रेंज तुटक येते. ‘सतरा नंबर गेली’ एवढंच तिला ऐकू आलं होतं आणि माणूस गेला म्हणतात तसं तिने ते घेतलं होतं.

“केरबामामा, साडेचार महिने झाले. उंदराची मादी बावीस दिवसांत विते.”

“आसंल. म्हशीला धा म्हयनं लागत्यात. म्हटलं, हिचं दीस भरलं नसतील. गाभण जनावर मी मारायला देतोय व्हय?”

मागच्या खोलीत दीक्षा सहसा जात नसे; तिथे सतरा नंबर पिंजऱ्याच्या कोपऱ्यात बसून होती. पाठीची हाडं वर आलेली, पोट टम्म. दीक्षाने हातमोजे घालून पोट चाचपलं. पिल्लं नव्हती. पाणी होतं.

दीक्षाचं काम क्वांटम डॉट्सवर होतं. हे कण नुसत्या डोळ्यांना दिसणारही नाहीत इतके बारीक, पण विशिष्ट दिव्याखाली लाल चमकतात. कर्करोगाच्या गाठीत ते साठवता आले, तर गाठ कुठे संपते हे शस्त्रक्रिया करणाऱ्याला दिसेल. अडचण एकच : कणांच्या आत कॅडमियम असतं आणि ते विषारी. दीक्षाने कणांना नवं आवरण दिलं होतं. सतरा नंबर धरून सहा माद्यांना ते टोचले. अठ्ठाविसाव्या दिवशी त्यांना मारून यकृतं दिव्याखाली पाहायची होती. पाच यकृतं पाहिली गेली. पाचही काळी होती. ‘यकृतातील चमक गेली, कण शरीराबाहेर पडले,’ असं तिने लिहिलं. ऑगस्टमध्ये तो लेख छापून आला. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्याच लेखावर उभं होतं.

दुपारी तिने सतरा नंबरला नियमाप्रमाणे भूल देऊन संपवलं. केरबा तेवढा वेळ बाहेर जाऊन उभा राहिला. हेही यकृत दिव्याखाली काळंच दिसलं, पण ते फिकट आणि खडबडीत होतं. त्याचा तुकडा आणि फ्रीझरमधल्या जुन्या पाच यकृतांचे तुकडे तिने धातू मोजायला पाठवले. मेमध्ये हे केलं नव्हतं. चमक गेली म्हटल्यावर कुणालाच गरज वाटली नव्हती.

आठ दिवसांनी अहवाल आला. टोचलेल्या कॅडमियमपैकी निम्म्याहून जास्त सहाही यकृतांमध्ये होतं. आवरण टिकलं नव्हतं. कण फुटले, म्हणून चमक विझली. धातू जागचा हलला नव्हता.

तिचे मार्गदर्शक उदयसिंह सर यांनी अहवाल दोनदा वाचला.

“पोटात पाणी व्हायला दहा कारणं असतात.”

“मान्य आहे, सर. पोटाचं मी काहीच म्हणत नाही. धातू सहाही जणींत आहे.”

“चमक गेली हे खोटं आहे का?”

“नाही. ‘शरीराबाहेर पडले’ हे खोटं आहे.”

“दहा तारखेला परीक्षक येतायत. तोंडी परीक्षा होऊ दे. नंतर सवडीने दुसरा लेख लिही.” त्यांनी चष्मा काढला. “आत्ता लेख मागे घेतलास तर चौथं प्रकरण गेलं. दीड वर्ष जाईल तुझं. माझंही नाव आहे त्याच्यावर.”

“म्हणून तुम्हाला विचारायला आले.”

“विचारायला की सांगायला?”

दीक्षाने अहवाल उचलला आणि ती बाहेर आली.

दुसऱ्या दिवसापासून प्रयोगशाळेतले बाकीचे चारला चहाला निघाले की तिला हाक मारेनात. तीही मान वर करेना. खोलीवर बोलायला कुणी नव्हतं. डबा ती प्राणीगृहाच्या पायरीवर बसून खायची.

तिथेच भावाचा, प्रसेनजीतचा फोन आला. “ताई, फ्लेक्स छापाय दिलाय. डॉक्टर दीक्षा, मोठ्या अक्षरात. कागलच्या लग्नातला फोटो घेतलाय. त्यात तू चुकून हसलीयास.”

“जरा थांबव.”

“का? फोटो बदलू?”

“फोटो राहू दे.”

“आईला दिऊ फोन? सकाळपासनं गल्लीत सांगत फिरतीया.”

“नको. नंतर बोलते.”

पाचला केरबा धारेला जायला निघाला. दारात थांबून म्हणाला, “पिल्लं किती निघाली, सांगितलं न्हाईसा.”

“पिल्लं नव्हती, मामा.”

“न्हवती?” त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. “मंग सतरा नंबरचा पिंजरा धुऊ काय उद्या?”

“धुवा.”

तो गेल्यावर तिने नोंदवही उघडली. ‘मृत’वर एक रेघ मारली, खालचा शब्द वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं : ‘त्या दिवशी जिवंत होती. मागच्या खोलीत हलवली होती. ऐकण्यात माझी चूक.’ खाली सही, तारीख.

मग लॅपटॉपवर तिने नियतकालिकाच्या संपादकांना पत्र लिहिलं. चार ओळींचं. चमक गेली होती. कण गेले असं मी धरून चालले. सहाही यकृतांत कॅडमियम आहे. लेख मागे घ्यावा. सोबत अहवाल जोडला. उदयसिंह सरांना प्रत लावली आणि पत्र पाठवलं.

मोबाईलवर प्रसेनजीतने फ्लेक्सचा नमुना पाठवला होता. तिने कळवलं, ‘डॉक्टर काढ.’

उत्तर आलं, ‘मग फ्लेक्स कशाचा लावू?’

दीक्षाने तो प्रश्न दोनदा वाचला. मागच्या खोलीत जाऊन तिने सतरा नंबरचा पिंजरा उचलला, मोरीत ठेवला आणि नळ सोडला.