कोपऱ्यातली वाट

ऋषिराजनं प्लॅस्टरमधला पाय उचलून स्टुलावर ठेवला आणि लॅपटॉप जवळ ओढला. पडद्यावर बेंगळुरूची प्रयोगशाळा दिसत होती. टेबलावर काडेपेटीएवढी चिप. एआयसाठी त्याच्या टीमनं दोन वर्षं खपून आखलेली, कालच कारखान्यातून आलेली. आज ती पहिल्यांदा सुरू व्हायची होती आणि नेमका गेल्या आठवड्यात, पलूसला घरी आला असताना, तो उसाच्या बांधावरून घसरून पडला होता. त्यामुळे तिथं सृष्टी उभी होती. त्याच्या हाताखालची इंजिनिअर, जतकडची, तीन वर्षांपूर्वी लागलेली.

तिनं वीज दिली. काहीच झालं नाही. पुन्हा दिली.

“सर, आतलं घड्याळ चालत नाहीये.”

चिपचं सगळं काम त्या घड्याळाच्या ठोक्यावर चालतं, आणि ते घड्याळ ऋषिराजनंच आखलं होतं. त्यानं कपाळ पुसलं.

“बाहेरून ठोका देऊन बघू?” सृष्टीनं विचारलं.

“बघ.”

बाहेरून ठोका द्यायची ती वाट ठेवायला त्याचाच विरोध होता. उगाच जागा जाते, म्हणाला होता. सृष्टी महिनाभर मागं लागली, तेव्हा वैतागून त्यानं ती एका कोपऱ्यात बसवू दिली होती.

दहा मिनिटांनी पडद्यावर आकडे धावू लागले. टाळ्या वाजल्या.

“ऋषिराज, ती वाट ठेवलीत म्हणून वाचलो आपण,” कॉलवरचे वरिष्ठ म्हणाले.

सृष्टी वायर गुंडाळत होती. तिनं मान वर केली नाही.

ऋषिराजनं माइक बंद केला. क्षणभरानं पुन्हा चालू केला.

“ती कल्पना सृष्टीची. मी नको म्हणत होतो. आणि घड्याळ माझंच चुकलंय.”

वायर गुंडाळणारे हात थांबले.

कॉल संपला तेव्हा दारात नाथाजी चहा घेऊन उभे होते. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले त्याचे वडील.

“कुणाचं चुकलं म्हनलास रं?”

“माझं, आबा.”

“समद्यांम्होरं सांगितलंस?”

“व्हय.”

नाथाजींनी कप त्याच्या हातात दिला.

“पी. गरम हाय तवर.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सृष्टीची मेल आली. पुढच्या चिपमधला ऋषिराजचा भाग तिनं तपासला होता. खाली चुकांची यादी होती. अकरा. त्याच्या कामात दोनच्या वर चुका दाखवायचं धाडस तिनं तीन वर्षांत कधी केलं नव्हतं.

सहाव्या चुकीला तो मोठ्यानं हसला. नाथाजींनी आत डोकावलं.

“काय रं, चांगली बातमी?”

“लय चांगली,” तो म्हणाला आणि सातवी वाचू लागला.