वडिलांना काका

फोन तीन वाजून दहा मिनिटांनी आला. खुए तेव्हा अंगणात रांजणांची झाकणं काढून मासळीला ऊन देत होती. स्क्रीनवर हनोईचा नंबर दिसला. तिने खारट हात पँटला पुसले आणि फोन उचलला.

"दांग थुक खुए? व्हिसा विभागातून बोलतेय. पंधरा मिनिटं बोलता येईल?"

बाईचा आवाज तरुण होता, बोली दक्षिणेकडची. या फोनची तालीम खुएने विन्ह शहरातल्या एजंट हुओंगताईंच्या ऑफिसात सहा वेळा केली होती. अ‍ॅडलेडच का, अन्नप्रक्रियाच का, खर्च कोण करणार. फोन एकदाच येतो, हुओंगताईंनी बजावलं होतं, आणि फिसकटला तर तो डाग पुढच्या अर्जावरही राहतो.

पहिली आठ मिनिटं सुरळीत गेली.

"खर्च वडील करणार. आमचा फिश सॉसचा धंदा आहे. त्यांचं नाव दांग वान थिन."

"घरी आहेत?"

"आहेत."

"बोलवा त्यांना."

हे तालमीत नव्हतं. खुएने मान वळवली आणि जन्मभराच्या सवयीने हाक मारली, "काका, इकडे या जरा. फोन आहे."

"आता काकाकडे कोणाचं काय काम निघालं?" मिठाच्या कोठीतून थिनचा आवाज आला.

पलीकडे इतका वेळ कीबोर्डची टकटक चालू होती. ती थांबली.

"हे कोण?"

"वडील."

"तुम्ही काका म्हणालात. तेही स्वतःला काकाच म्हणाले."

खुए सांगू लागली. पंचांगाप्रमाणे थिनचा जन्म ड्रॅगनच्या वर्षातला, तिचा कुत्र्याच्या. दोन्ही सालं एकमेकांच्या मुळावर येणारी. ती सहा महिन्यांची असताना दोनदा मरता मरता वाचली, तेव्हा ज्योतिष्याने आईला सांगितलं की पोरीने बापाला बाप म्हणून हाक मारायची नाही. गावात अशी आणखी तीन घरं होती आणि कोणाला त्यात काही वेगळं वाटत नसे. परक्यांशी बोलताना ती 'माझे वडील' असंच म्हणे. हाक मात्र काका. हे सगळं तिने सांगितलं, पण उलटसुलट क्रमाने, आणि सांगता सांगताच तिला जाणवलं की हे थापेसारखं वाटतंय.

"अर्जात हे कुठे आहे?"

"नाही लिहिलं. असं कोणी लिहीत नाही, ताई."

"मागच्या वर्षी तुमच्याच जिल्ह्यातून एकाने मामाला बाप म्हणून उभं केलं होतं. फोन त्यांना द्या. तुम्ही लांब जा."

ती तिसऱ्या रांजणापर्यंत गेली. पंपाशेजारी वीस वर्षं काढल्यामुळे थिनला कमी ऐकू येई. त्याने फोन स्पीकरवर टाकला, त्यामुळे तिथेही सगळं ऐकू येत होतं.

"मुलीचा जन्म कधीचा?"

"सातव्या महिन्यातली नववी," थिन ठामपणे म्हणाला.

"कागदावर दोन ऑगस्ट आहे."

"असेल. ती सरकारची तारीख. मी चंद्राची सांगतोय."

स्वयंपाकघराच्या दारात तिची आई लुआ ओला हात तोंडावर दाबून उभी होती. दोन प्रश्न, दोन्ही उत्तरं खरी, आणि दोन्ही अंगावर आलेली.

"घरात आणखी कोण आहे? पत्नी? तिघंही फोनपाशी बसा," बाई म्हणाली. "माझ्याशी बोलू नका. जेवताना बोलता तसं आपसात बोला."

तिघं चटईवर बसली.

"काका, आज ऊन चांगलं आहे," खुए म्हणाली.

"हो. चांगलं आहे."

पाठ केलेलं वाटत होतं.

"जेवताना बोलतंय कोण?" आई म्हणाली. "हे तर वाडग्यात तोंड घालून बसतात."

"मी तोंड उघडलं की तुम्ही दोघी मिळून मला गप्प करता."

"काका, फोन चालू आहे."

"ऐकू दे की. मासळी आणि मीठ शिकायला विमानाने तीन वर्षं जायचं. काकाने फुकट शिकवलं असतं."

"तुम्ही शिकवलेलं दुकानदार चालवून घेत नाहीत. प्रयोगशाळेचा कागद मागतात. गेल्या वर्षी चाळीस डबे परत आले, तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतात. विसरलात?"

"पोट बिघडलं होतं माझं."

"पोट बिघडलेला माणूस रांजणाला टेकून रडत नाही."

थिनने तिच्याकडे पाहिलं. "तू होतीस तिथे?"

"अंगणातच होते."

"अहो, पोट आणि डबे राहू द्या," आई म्हणाली. "खरं काय सलतंय ते सांगा की पोरीला."

"सांगतो. ही परत येणार नाही. शेजारच्या सोनची पोरगी गेली, ती आली का परत? फोनवर समुद्र दाखवते, जसा काही आपल्याकडे समुद्रच नाही. हिच्यामागे हे रांजण काय मी डोक्यावर घेऊन फिरू?"

मग तिघांनाही एकदमच भान आलं. परत न येण्याबद्दल फोनवर चकार शब्द काढायचा नाही, हे हुओंगताईंनी थिनला वेगळं बसवून सांगितलं होतं.

"पुरे," फोनमधली बाई म्हणाली. "नात्याबद्दल माझं समाधान झालं. खुए, अर्जात तुम्ही लिहिलंय, शिक्षण संपताच परतेन आणि घरचा व्यवसाय वाढवेन. वडील म्हणतात तुम्ही येणार नाही. खरं काय?"

अर्जातलं वाक्य खुएला तोंडपाठ होतं. तेच म्हणायचं होतं, इतकंच. थिन नखात अडकलेला खवला काढत होता आणि वर पाहत नव्हता. वाक्य म्हटलं असतं तर त्याने ते खरं धरलं असतं.

"ते वाक्य एजंटने लिहिलंय, ताई," ती म्हणाली. आईने डोळे मिटून घेतले. "तिथे राहावंसं वाटेल की नाही ते मला आज सांगता येत नाही. मी ते गाव पाहिलेलंच नाही. चाळीस डबे का परत आले ते मला कळायला हवंय, आणि इथे ते कोणी सांगत नाही. कळलं की पहिल्यांदा यांनाच सांगेन. तिथून सांगेन की इथे येऊन, ते माहीत नाही."

टकटक सुरू झाली. बराच वेळ चालली.

"निर्णय मेलने कळेल," बाई म्हणाली आणि फोन बंद झाला.

"वाट लावलीस," आई म्हणाली. थिन उठला आणि उघड्या रांजणांवर झाकणं ठेवत गेला, ऊन अजून होतं तरी.

पुढचे नऊ दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं. हुओंगताईंनी सगळं ऐकल्यावर फोनवर इतकंच म्हटलं, "मी तुला वेडी समजत नव्हते." दहाव्या दिवशी सकाळी मेल आली. खुएने ती उभ्यानेच दोनदा वाचली. मग कोठीच्या दारात गेली.

"मिळाला, काका."

थिन मिठाच्या पोत्यावर बसला होता. "किती दिवसांचा?"

"तीन वर्षं दोन महिने."

"शिक्षण तीन वर्षांचं ना? वरचे दोन महिने कशाला?"

"आवरायला देतात."

त्याने फोन मागून घेतला आणि न कळणाऱ्या भाषेतली ती तारीख नीट दिसावी म्हणून तो डोळ्यांपासून लांब धरला.

"आवरायला दोन महिने लागतात?" त्याने विचारलं.